‘बरा आहे’ म्हणजे नक्की किती बरा?

इथे अमेरिकेत, कॅरी गावात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नवीन कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, "काकू, तुम्ही रिटायर्ड का?" दुसरा येतो, "आधी कुठे होतात?" मी "फुटबॉल टीममध्ये" म्हटलं की समोरच्याच्या हातातली बटाटेवड्याची प्लेट जरा थबकते. "अय्या! अकाउंट्समध्ये?" नाही. "मग डाएटिशियन?" तेही नाही. "टीममध्ये नवीन आलेली मुलं बघायचे मी," असं सांगितलं की मग तर पंचाईतच. एका नागपूरच्या बाईंनी डोळे बारीक करून विचारलं होतं, "बघायचे म्हणजे? लग्नासाठी?"

अहो, जवळपास तसंच. मुलगा चालतो कसा, वळतो कसा, चारचौघांत वागतो कसा, पुढे टिकेल का, हे सगळं बघायचं. फक्त इथला मुलगा एकशे चाळीस किलोचा असू शकतो आणि कांदेपोहे मिळत नाहीत.

यंदा आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंनी फर्मान काढलं, "शैलाकाकू, तुमच्या नोकरीवर लिहा, पण फुटबॉल जरा कमी ठेवा." म्हणजे श्रीखंडावर लिहा, पण चक्का कमी ठेवा. प्रयत्न करते.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकेतला, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांना धडका देण्याचा. टीमचं नाव सांगत नाही. एक तर तसं बंधन आहे, आणि दुसरं म्हणजे नाव सांगितलं की तुम्ही मागच्या सीझनचं विचाराल. टीम दुसऱ्या राज्यात. सीझनभर मी तिकडे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे आणि सुट्टी मिळाली की कॅरीला घरी.

आता ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातली मुलं टीमांनी वाटून घ्यायची. लहानपणी गल्लीत आपण गडी वाटून घ्यायचो ना? दोन कॅप्टन उभे, आळीपाळीने एकेक गडी मागायचा, आणि शेवटी उरलेला कुणालाच नको असायचा. तस्संच. फक्त इथे कॅप्टनच्या जागी देशभरातल्या टीमा असतात, आणि मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात जास्त आपटली तिला पहिला मान. सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतला मुलगा टीव्हीवर आईला मिठी मारतो. सातव्या फेरीतल्याला फोन येतो तेव्हा घरचे टीव्ही बंद करून जेवायला बसलेले असतात.

लोकांना वाटतं, निवड झाली म्हणजे परीक्षा संपली. छे! खरी परीक्षा तिथून सुरू. उन्हाळ्यात मैदानावर नव्वद गडी असतात आणि सीझनच्या तोंडावर त्रेपन्न ठेवायचे. बाकीच्यांनी बॅग भरायची. मे महिन्यात नवी मुलं यायची आणि माझं काम सुरू व्हायचं. त्यांची कॉलेजातली फिल्म बघायची, मैदानावर त्यांना पळवायचं, त्यांच्या शर्टात शिवलेल्या चिपवरचे आकडे बघायचे, आणि मग कोचच्या खोलीत सांगायचं की हा मुलगा हलतो कसा.

वेग मोजायला माझी गरज नव्हती, त्याला स्टॉपवॉच आहे. पण स्टॉपवॉचला सरळ रेषा कळते, आणि मॅचमध्ये सरळ रेषेत कुणी पळू देत नाही. कुणीतरी आडवा येतो, हूल देतो, ढकलतो. त्या वेळी माणसाची कंबर काय करते, पाय कुठे पडतो, हे मी बघायचे. हे मी अमेरिकेत येऊन बायोमेकॅनिक्समध्ये शिकले असं माझी डिग्री म्हणते. खरं म्हणजे मी ते सांगलीत खो-खोच्या मैदानावर शिकले. तिथे पळणाऱ्याच्या तोंडाकडे बघाल तर जन्मात त्याला शिवणार नाहीत. डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात. कंबर खोटं बोलत नाही.

मला या धंद्यात आणलं वॉल्टने. वॉल्ट हा आमच्या टीमचा खेळाडू निवडणाऱ्या विभागाचा प्रमुख. टेक्सासचा, उंच, पोट सुटलेला, तोंडात कायम न पेटवलेली सिगार. मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये गुडघ्यांवर काम करायचे तेव्हा तो एका जखमी खेळाडूला घेऊन आला. मी त्या मुलाला चार पावलं चालायला लावलं आणि म्हटलं, "गुडघा राहू दे, याचा घोटा बघा." दुखणं खरंच घोट्यात निघालं. वॉल्टने तिथल्या तिथे विचारलं, "मॅम, फुटबॉल आवडतो?" मी म्हटलं, "अजिबात कळत नाही." तो म्हणाला, "उत्तम. कळणारे माझ्याकडे भरपूर आहेत."

पण आमचं पहिलं वर्ष फार गमतीचं गेलं. कारण काय, तर माझी जीभ.

आता हे मराठी वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे कौतुक औषधालासुद्धा मिळत नाही. आमटी अप्रतिम झाली तर म्हणायचं, "मीठ बरोबर पडलंय." पोरगी बोर्डात आली तर, "चला, निभावलं." तोंडावर कौतुक केलं की पोर चढून बसतं, नाहीतर दृष्ट लागते. आमचे खो-खोचे सर शेवटपर्यंत मला एकदाच "बरी पळालीस" म्हणाले. ते ऐकून माझ्या मैत्रिणी माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्याउलट "छान." छान हा आपल्याकडचा नकार. शेजारणीने फसलेला ढोकळा पुढे केला की आपण म्हणतो, "छान झालाय हं!" आणि हळूच प्लेट बाजूला सरकवतो.

हे मी सगळं इंग्रजीत घेऊन गेले. कोचच्या खोलीत ज्याच्या त्याच्या तोंडी अमेझिंग, स्पेशल, अनबिलीव्हेबल. कॉफीसुद्धा अमेझिंग. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "ही इज ऑल राइट." म्हणजे ‘बरा आहे’. खोलीत शांतता! सगळ्यांना वाटायचं, बाईंनी पोराची वाट लावली. आणि जो पोरगा मला काडीचा पसंत नाही त्याच्याबद्दल मी सौम्यपणे म्हणायचे, "ही इज नाइस." की लगेच सगळे खूश.

वॉल्ट मात्र जुना खेळिया. दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की मी ‘ऑल राइट’ म्हटलेले टिकतात आणि ‘नाइस’ म्हटलेले गळतात. एक दिवस कँटीनमध्ये त्याने मला धरलं. "मिस शायला, तुमच्या भाषेत ऑल राइटला काय म्हणतात?" (शैला त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.) मी सांगितलं, "बरा." त्यानंतर मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं की तो टेबलावर वाकून विचारायचा, "बारा?" मी मान हलवली की तो कोचकडे वळायचा. "मिस शायलाला हा मुलगा प्रचंड आवडलाय. पुढे चला." असा माझा दुभाषी मला मिळाला, आणि त्याच्या जोरावर माझी वर्षानुवर्षं निभावली.

किती नमुने बघितले म्हणून सांगू! एक बेन नावाचा मुलगा पहिल्या फेरीत आला होता. दारातून आडवं होऊन आत यायचा. याचं काम म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आपल्या कप्तानाच्या पुढे भिंत होऊन उभं राहायचं. एवढा थोरला माणूस, पण पाऊल असं टाकायचा की खाली झोपलेलं मूल जागं होणार नाही. मी त्याची फिल्म लावली आणि सवयीने आधी चांगलं सांगायला लागले. अमेरिकन मुलांना आधी गोड खायला घालावं लागतं. तो म्हणाला, "मॅम, चांगलं माझी आई सांगते. तुम्ही चुका सांगा." मी चुका सांगितल्या. तो अशी मान डोलवत होता जणू मी त्याला बक्षीस देतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले तर हा पठ्ठ्या एकटाच, बूट काढून, अनवाणी, गवतावर तोच डावा पाय पुन्हा पुन्हा टाकत होता. सगळ्या टीममध्ये तो एकटा अमेरिकन मला आपल्या गावाकडचा वाटला. अजून खेळतोय, आणि त्याच्या कप्तानाच्या अंगाला माती लागत नाही.

दुसरा एक होता, वाऱ्यासारखा पळायचा. स्टॉपवॉचवाले वेडे झाले होते. मी म्हटलं, "नाइस." वॉल्टने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. पोरगा स्वभावाने सोनं, पण वळताना आधी कॅमेरा कुठाय ते बघायचा! दोन सीझनमध्ये गेला. दर दिवाळीला मात्र मला न चुकता मेसेज करतो, ‘हॅपी दिवाळी मिस शैला’, आणि खाली सतरा पणत्या. त्याच्याबद्दल आता खरंच छान वाटतं, आपल्या अर्थाने नव्हे, त्यांच्या.

मग वॉल्ट रिटायर झाला. मासे धरायला फ्लोरिडात गेला. त्याच्या जागी आला ब्रायन. तरुण, हुशार, कामाला वाघ, आणि वागायला अतिशय सज्जन. त्याच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही. पण वॉल्ट जाताना सगळं शिकवून गेला आणि एक गोष्ट सांगायची राहिली. माझी भाषा.

त्या वर्षी सातव्या फेरीत आम्ही ट्रेव्हनला घेतलं. जॉर्जियातल्या कुठल्याशा छोट्या कॉलेजचा, किडकिडीत, बोलायला लाजाळू. त्याची जागा कॉर्नरबॅक. म्हणजे समोरच्या टीमचा गडी चेंडू झेलायला सुसाट सुटतो, त्याला सावलीसारखं चिकटून पळायचं आणि झेलू द्यायचं नाही. तो पुढे पळणार, तुम्ही उलटं पळत सुरुवात करणार, आणि तो कुठे वळणार हे फक्त त्यालाच माहीत. मैदानावरचं सगळ्यात अवघड काम, असं माझं मत आहे.

मी प्रत्येक नव्या मुलाला एक प्रश्न विचारायचे, लहानपणी काय खेळायचास? बाकीचे बास्केटबॉल म्हणतात, बेसबॉल म्हणतात. ट्रेव्हन म्हणाला, "कोंबड्या पकडायचो, मॅम."

"कोंबड्या?"

"मावशीचं कोंबड्यांचं शेड होतं. सुटलेली कोंबडी धरायचं काम माझ्याकडे. कोंबडी मान इकडे फिरवते आणि पळते तिकडे. मानेकडे बघणारा रिकाम्या हाताने घरी येतो."

"मग कुठे बघायचं?"

त्याने दोन्ही हात स्वतःच्या कमरेवर ठेवले. "इथं, मॅम."

जी गोष्ट मी सांगलीत गुडघे फोडून शिकले ती या पोराला कोंबड्यांनी शिकवली होती. मग मैदानावर त्याला बघितलं. आमचा सगळ्यात लबाड पळणारा त्याच्यासमोर खांदे उडवत होता, मान टाकत होता, डावीकडे झुकून उजवीकडे सुटत होता. ट्रेव्हन ढिम्म. एकाही हुलीला भुलला नाही. तो गडी खरोखर वळला की हा त्याच क्षणी वळलेला. बावीस वर्षांत असा मुलगा मी बघितला नव्हता. आज लिहिताना बिनधास्त लिहिते, बघितला नव्हता!

आणि मीटिंगमध्ये ब्रायनने विचारलं तेव्हा मी काय म्हटलं असेल? "ही इज ऑल राइट." वर आपल्या पद्धतीने जोरही दिला, "क्वाइट ऑल राइट." ‘चांगलाच बरा’ आहे हो!

ब्रायनने मान हलवली. मला वाटलं, समजलं.

जून गेला, जुलै गेला. ट्रेव्हनला सरावात फारसं उतरवेनात. चांगल्या पळणाऱ्यांसमोर उभं करेनात. मला वाटलं, सातव्या फेरीचा आहे, हळूहळू घेतील. तो बिचारा बाजूला पाण्याच्या बाटल्यांपाशी हेल्मेट हातात धरून उभा. एकदा मी त्याला म्हटलं, "धीर धर रे." तो म्हणाला, "मॅम, इथे नाही जमलं तर मामा छपरं दुरुस्त करतो, त्याच्या हाताखाली जागा आहे. छोट्या कॉलेजच्या मुलाला दुसरा फोन येत नाही." हे तो कुरकुरत नव्हता, सरळ सांगत होता. त्याचं म्हणणं खरंही होतं.

ऑगस्टमध्ये एकदा ब्रायनच्या खोलीत गेले. भिंतीवर नव्वद नावांच्या पट्ट्या, वर ठेवायचे, खाली पाठवायचे. ट्रेव्हन तळाला.

"हा इथे का?" मी विचारलं.

ब्रायन चकित झाला. "मिस शैला, तुमच्यामुळेच. तुम्ही म्हणालात, ऑल राइट. सगळ्यात बारीक बघणारी बाई फक्त ऑल राइट म्हणते, म्हणजे तुम्ही त्याला सांभाळून घेताय असं मला वाटलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो सांभाळून काय घेताय! बरा आहे म्हणजे बरा आहे!"

"म्हणजे किती?"

आता हे कसं सांगायचं? मी त्याला आमटीचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, आमच्या सरांचं सांगितलं. तो शहाण्या मुलासारखा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुम्ही या मुलाच्या प्रेमात आहात?"

"प्रेमात वगैरे काही नाही!" मी भडकून म्हटलं. मग म्हटलं, "हो."

"मग हे उद्या कोचना तुम्ही स्वतः सांगा. पण त्यांना कळेल अशा भाषेत."

संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. रेवाला मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "आई, जस्ट से ही इज अमेझिंग. इट्स नॉट दॅट हार्ड."

"ही इज अमेझिंग," मी म्हटलं.

"यू साउंड लाइक यू आर रिटर्निंग अ ब्लाउज टू द टेलर."

"अगं पण मला मनापासून वाटतंय!"

"देन साउंड लाइक इट!"

आरशासमोर उभं राहून मी अमेझिंग, अमेझिंग करत बसले. माझी जीभच रेटेना. दिवसभर ज्या शब्दाची तिकडे खिरापत वाटतात तो माझ्या तोंडात गरम बटाट्यासारखा फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी कोचसमोर उभी राहिले. आमचे हेड कोच म्हणजे स्वतः जुने खेळाडू, मान गव्याची, आवाज कर्ण्यासारखा. मी म्हटलं, "कोच, ट्रेव्हन इज अमेझिंग."

ते म्हणाले, "मिस शैला, तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले. मग माझं सांगलीचं डोकं फिरलं. मी खुर्ची बाजूला सारली. म्हटलं, "कोच, उठा. मला हुलकावणी देऊन त्या दारातून बाहेर जाऊन दाखवा." ते उठले, हसत हसत माझ्या अंगावर आले, डावा खांदा टाकला, मान टाकली, डोळेसुद्धा टाकले, आणि उजवीकडून सुटले. मी डावीकडे हललेच नाही. एक पाऊल उजवीकडे टाकलं आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बाद!" गुडघ्यातून अशी कळ आली की विचारू नका, पण चेहऱ्यावर दाखवली नाही.

"मी फक्त तुमची कंबर बघितली," मी म्हटलं. "एवढं शिकायला माझं अख्खं तारुण्य गेलं. या मुलाच्या ते रक्तात आहे. त्याच्यासमोर चांगला गडी उभा करून बघा तरी!"

कोच पाठ चोळत म्हणाले, "ठीक. शेवटची सराव मॅच पूर्ण खेळवतो."

आणि खेळवली. इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही. चांगल्या कॉर्नरबॅकच्या वाट्याला कामच येत नाही. समोरचा कप्तान बघतो, हा आपल्या गड्याला चिकटलाय, मग तो तिकडे चेंडू टाकतच नाही. दुसरीकडे टाकतो. त्या दिवशी तसंच झालं. ट्रेव्हन सावलीसारखा पळत राहिला, आणि त्याच्या बाजूला एकही चेंडू आला नाही. ना झेल, ना धडक, ना टाळ्या. मी वर काचेमागे बसून प्रत्येक वळणाला मनात वा! वा! करत होते. इतकं शुद्ध काम मी कधी बघितलं नव्हतं.

मॅचनंतर कोच म्हणाले, "मिस शैला, सॉरी. मला तर काहीच दिसलं नाही."

"तेच तर दिसायला हवं होतं!" मी अक्षरशः ओरडले.

पण जागा एकच उरली होती, आणि त्या जागेसाठी एक अनुभवी खेळाडू होता ज्याने सगळा उन्हाळा चांगल्या गड्यांसमोर सराव केला होता. कोचच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. ब्रायन माझ्या बाजूने बोलला, मनापासून बोलला, पण त्याच्याकडेही दाखवायला काही नव्हतं. उन्हाळाभर पोराला उतरवलंच नव्हतं, तर दाखवणार काय!

सकाळी ट्रेव्हनला बोलावून सांगितलं गेलं. मी कॉरिडॉरमध्ये थांबले होते. तो खांद्याला बॅग लावून आला, मला बघून थांबला आणि लाजत हसला. मी त्याचे दोन्ही हात धरले. या वेळी आरसा लागला नाही आणि जीभही अडखळली नाही. मी म्हटलं, "ऐक. मी इथे शेकडो मुलं बघितली. पाय सगळ्यांना असतात. तुझ्यासारखी नजर मी एकाचीही बघितली नाही. तू फार मोठा खेळाडू आहेस. हे लोक काय म्हणतात ते विसर, मी सांगते ते लक्षात ठेव."

त्याचे डोळे भरले. मग अगदी हळू, जराही राग न धरता त्याने विचारलं, "मॅम, हे मे महिन्यात का नाही सांगितलंत?"

आमटी आणि मीठ त्याला काय सांगणार? तो थँक यू मॅम म्हणून गेला, आणि मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

चूक कुणाची, असं लोक विचारतात. ब्रायनची नाही. माझीही म्हणणार नाही, कारण मी खरं तेच बोलले होते, माझ्या मापाने. पण कौतुक पोटात ठेवायची आपली ही जी खानदानी खोड आहे ना, तिची किंमत त्या दिवशी एका भलत्याच पोराने मोजली. याचा मला संताप आला आणि अजून येतो.

काढून टाकलेला खेळाडू लगेच मोकळा होत नाही. आधी बाकीच्या टीमांना विचारतात, हवाय का कुणाला? सातव्या फेरीतल्याला सहसा कुणी हात वर करत नाही. पण दुसऱ्या दिवशी एका टीमने केला! मी ऐकलं तेव्हा हातातला चहा सांडला. म्हणजे त्या टीममध्येही कुणीतरी बसलं होतं, ज्याने आमची ती मॅच, ज्यात काहीच घडलं नव्हतं, ती नीट बघितली होती. त्या माणसाला मी आजवर भेटलेले नाही. भेटला तर त्याच्या पाया पडेन.

नोव्हेंबरात त्या टीमशी आमची मॅच होती. आम्ही वर काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. तिथला नियम कडक. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, आपल्या टीमसाठीसुद्धा नाही. ट्रेव्हन आता तिथे दर मॅचला खेळत होता. आमच्या कप्तानाने तीन तास त्याची बाजू टाळली. शेवटी मॅच अटीतटीला आली आणि दुसरी वाट उरली नाही. आमचा तोच लबाड पळणारा सुटला. त्याने खांदा टाकला, मान टाकली, आत शिरल्यासारखं केलं आणि बाहेर वळला. इतकी देखणी हूल होती की काचेमागे आमचा एक सहायक कोचसुद्धा आतल्या बाजूला झुकला. चेंडू हवेत होता, आणि ट्रेव्हन आधीच बाहेरच्या बाजूला पोचला होता. त्याने तो अलगद, स्वतःच्या घरातल्या फळीवरून डबा काढावा तसा काढून घेतला आणि उलट दिशेने पळत सुटला.

आम्ही मॅच हरलो होतो. खोलीत सगळे डोकं धरून बसले. आणि मी उभी राहिले होते. कधी उठले ते मला कळलंच नाही. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत, काच हादरेल अशा आवाजात मी ओरडत होते, "शाब्बास रे वाघा! शाब्बास! क्या बात है पोरा!"

एकेक मान माझ्याकडे वळली. ब्रायनने हेडफोन काढला. त्याला चिडायचा पूर्ण हक्क होता, पण तो चिडला नाही.

"मिस शैला," त्याने विचारलं, "आत्ता जे म्हणालात, त्याचा अर्थ काय?"

मी टाळ्या वाजवायचं थांबवलं नाही. म्हटलं, "त्याचा अर्थ, तो गडी आपला होता."